होस्टेलचं गेट साडेआठला बंद : शिस्त की कोंडवाडा?

भडंग :
सांगलीतलं आमचं घर दिवेलागणीचं. देवापाशी दिवा लागला की मुली घरात. हिवाळ्यात सहालाच काळोख पडायचा, त्यामुळे डिसेंबरात माझं स्वातंत्र्य तासाभराने आटायचं. धाकटा भाऊ क्रिकेट खेळून आठला उगवायचा, त्याला आई विचारायची, "वाढू का?" मला पावणेसातला विचारायची, "कुठं होतीस?"

1998 साली इंजिनिअरिंगला पुण्यात आले. म्हटलं, सुटले. तर होस्टेलचं गेट साडेआठला बंद, नऊला हजेरी, मस्टरवर सही. लोकल गार्डियनचं पत्र असल्याशिवाय रात्री बाहेर राहायचं नाही. रस्त्यापलीकडे मुलांचं होस्टेल. त्यालाही गेट होतं, पण ते लावलेलं मी चार वर्षांत पाहिलं नाही. रीडिंग हॉल रात्री अकरापर्यंत उघडा आणि त्याची फी आम्हालाही तेवढीच.

पहिल्या वर्षी 'पुरुषोत्तम' करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या नाट्यस्पर्धेच्या, एकांकिकेत मला भूमिका मिळाली होती. तालमी लेक्चर संपल्यावर सुरू होऊन दहा-साडेदहापर्यंत चालायच्या. आठवड्यात भूमिका गेली, हातात प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकातल्या सामानाची, यादी आली. दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले. लोकल गार्डियन असलेल्या मावशीची सही मला आजही डोळे मिटून करता येते. साडेआठच्या गेटाने मला एवढी एकच गोष्ट नीट शिकवली.

हे आत्ताच उकरून काढायचं कारण, माझी भाची यंदा पुण्यात येतेय आणि तिच्या होस्टेलच्या माहितीपत्रकात पुन्हा तेच साडेआठ. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 2016 मध्ये राजपत्रात आलेली लैंगिक छळविरोधी नियमावली आहे. सुरक्षिततेचं कारण पुढे करून होस्टेलमध्ये मुलींना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत असं तिच्यात सरळ म्हटलंय. माहितीपत्रक छापणाऱ्यांनी ती वाचली नसावी. किंवा वाचून मिटली असावी.

बाबामाणूस :
ताई, राग मानू नका, पण माझी मुलगी पुण्यातच शिकते आणि होस्टेल निवडताना मी आधी गेटची वेळ पाहिली. विश्वास पोरीवर आहे, जगावर नाही. रोज रात्री नऊला फोन करतो, ती खोलीवर आहे म्हटलं की मग जेवायला बसतो. मुलगी बाहेरगावी ठेवल्याशिवाय हे कळायचं नाही. यूजीसीचे साहेब रात्री बारा वाजता माझ्यासोबत जागायला येणार आहेत का?

तिरकस :
"विश्वास पोरीवर आहे, जगावर नाही" हे वाक्य बारशालाच बापांना छापून देतात काय? माझ्या सासऱ्यांकडेही होतं.
आणि काका, जग रात्री साडेआठनंतरच वाईट होतं का? मला आयुष्यात सगळ्यात घाणेरडा अनुभव आला तो दुपारी दोन वाजता, भरलेल्या एसटीत.

रानजाई :
मी भडंगताईंच्या विरुद्ध बोलणार आहे आणि मला त्याची लाज नाही.

माझं गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. आईवडील ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर निघाले की उन्हाळा लागल्यावरच परत. फडावर मोठी पोरगी न्यायची भीती, गावात एकटी ठेवायची भीती, म्हणून आमच्याकडे पोरी लवकर उजवतात. माझ्या दोन्ही चुलतबहिणींची लग्नं सोळाच्या आत झाली. मला दहावीला बरे मार्क पडले म्हणून वडील मला घेऊन तालुक्याच्या होस्टेलला आले. रेक्टरबाईंना त्यांनी एकच विचारलं, "गेट किती वाजता लावता?" बाई म्हणाल्या, सहाला. तेव्हा त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

गेट दहाला लावतो म्हणाल्या असत्या तर ती पिशवी आणि मी, दोघी परत गावी. त्या कुलपाच्या जोरावर मी एम.एस्सी. झाले. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात बोर्डिंगं काढली, कर्मवीरांनी 1924 ला साताऱ्यात काढलं, अण्णासाहेब कर्व्यांनी हिंगण्याला विधवांना आणून ठेवलं. घरी ज्यांना शिकायला मिळणार नव्हतं ती पोरं कडक नियमांच्या छपराखाली शिकली. शहरातल्या मुलींना जो कोंडवाडा वाटतो, त्याच्या दारात आमच्यासारख्या रांगेत उभ्या होत्या.

मेसचा_डबा :
मुलांच्या होस्टेलला मोकळीक असते हे खरं. पण ती मोकळीक म्हणजे आमची कुणाला पडलेली नसते. थर्ड इयरला माझा रूमपार्टनर तीन दिवस तापाने फणफणला होता, मी गावी गेलो होतो, ऑफिसला पत्ता नाही. हजेरी असती तर निदान कुणी दार तरी वाजवलं असतं.

बाकी केरळचं आठवलं. 2022 मध्ये कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मुली साडेनऊच्या गेटाविरुद्ध हायकोर्टात गेल्या. सरकारने तोडगा काय काढला, तर मुलामुलींना दोघांनाही साडेनऊ! पहिल्या वर्षाच्या पुढच्यांना मग वहीत नोंद करून आत यायची मुभा ठेवली. समानता मागायला जाताना नीट विचार करून जा म्हणजे झालं.

भडंग :
@मेसचा_डबा, ती नोंदवहीच तर हवी आहे. उशीर झाला तर कुठे आहे ते लिहून जाईन, आजारी पडले तर कुणी दार वाजवावं. त्याला कुलूप कशाला लागतं?

@रानजाई, तुमच्यापुढे माझं तोंड बंद झालं, खरंच. माझी भूमिका गेली, तुमचं आयुष्य जाणार होतं. पण एक विचारते. ते सहाचं गेट तुमच्यासाठी होतं की वडिलांसाठी?

रानजाई :
वडिलांसाठीच. मला काय माहीत नव्हतं? बाईंनाही माहीत होतं. बारावीनंतर प्रॅक्टिकलला उशीर झाला की मागच्या दाराने घ्यायच्या आणि म्हणायच्या, "घरी सांगू नको, बाकीच्या पोरींची ॲडमिशन जाईल." समोरचं गेट मात्र सहाला वाजत गाजत लागायचं, रस्त्यावरून दिसेल असं.

तिरकस :
या बाईंना विद्यापीठावर घ्या कुणीतरी.

बाबामाणूस :
रानजाई, तुमच्या वडिलांच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं. पण भडंगताई, तुम्ही सही करून तालमीला जात होतात तेव्हा तुमच्या वडिलांना काहीच कळलं नाही? फोन नव्हते का?

भडंग :
होता की काका. मजल्यावर एक लँडलाइन. बाबा रोज नऊलाच करायचे. रूममेट उचलायची आणि सांगायची, "ती अंघोळीला गेलीय." म्हणजे रेक्टरबाईंच्या हिशेबी मी मावशीकडे, बाबांच्या हिशेबी अंघोळीला, आणि मी तालमीत. माझी लेक फारच स्वच्छ राहते असं बाबा आईला सांगायचे.

बाबामाणूस :
आमच्या मुलीचा मोबाइल आहे. लोकेशन होस्टेलचंच दाखवतो. कधीकधी तिची मैत्रीण उचलते.

ती पण अंघोळीलाच गेलेली असते.