पुढच्या ओट्यावरची शेवंती कळ्याच धरत नाही

प्रश्न (चाळीसगाव)
भादवा सरत आला. शेवंतीच्या 6 कुंड्या आहेत. मागच्या दारी ठेवलेल्या 3 कळ्यांनी भरल्यात, पुढच्या ओट्यावरच्या 3 नुसत्या पाल्याने माजल्यात. माती, शेणखत, पाणी एकच. पाटणादेवीच्या वाटेवर मात्र सगळं वेळेवर चाललंय: कुरडूचे तुरे गुलाबीचे पांढरे झाले, तरोट्याला वीतभर शेंगा लोंबताहेत, रानतेरड्याच्या बोंडाला बोट लावलं की फट्‌कन बी उडतं. गिरणाकाठी कासही पांढरा झालाय. मग माझ्याच शेवंतीचं काय अडलं? नवरात्रात देवीला घरची फुलं वाहायची असतात.

उत्तर (अमळनेर)
ताई, ओट्यावर रस्त्याच्या दिव्याचा उजेड येतो का?

प्रश्नकर्ती
हो, खांब फाटकाशीच आहे. रात्रभर जळतो.

उत्तर (अमळनेर)
मग तेच कारण. शेवंती रात्र मोजते. लांब, अखंड अंधार मिळाला तरच कळी धरते. मधे उजेड पडला की पानंच वाढवत राहते. फूलशेती करणारे बहार पुढे ढकलायला मुद्दाम रात्री बल्ब लावतात. कुंड्या आजच मागे न्या. पण नवरात्र साधणार नाही, फुलायला दीड-दोन महिने लागतील.

उत्तर (पारोळा)
कुरडूचे तुरे वाळले की घरी आणा. आत काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक बी असतं. आमच्या बांधावर मी दरवर्षी टाकते.

प्रश्नकर्ती
कुंड्या हलवल्या. नवरात्रात मागच्या दारची शेवंती आणि पहाटे वेचलेला प्राजक्त वाहीन.