असईच्या लढाईच्या टेबल-खेळासाठी, १५ मिमी सैनिकांच्या मापाची नदी: एमडीएफ वाकतोय, काय वापरावं?

तोफखाना१५
असईची इंग्रज-मराठा लढाई (२३ सप्टेंबर १८०३) १५ मिमी उंचीचे छोटे सैनिक घेऊन टेबलावरच्या युद्धखेळात मांडायची आहे. टेबल ६ बाय ४ फूट, कैतना आणि जुई दोन्ही नद्या हव्यात. ३ मिमी एमडीएफवर (लाकडी भुशाचा दाबलेला बोर्ड) फेविकॉल-वाळूचा काठ केला की वाळताना पट्टीची टोकं वर उचलतात. सनबोर्ड घेऊ की सीलंटची (फटी बुजवायची लवचिक पेस्ट) लवचिक नदी करू? पाणी दाखवायला रेझिनच (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक द्रव्य) लागतं का?

काठकरी
फेविकॉलमधलं पाणी एकाच बाजूनं मुरतं, मग वाळताना वरचा थर आकसून टोकं ओढतो. एमडीएफच ठेवायचा तर आधी दोन्ही बाजू आणि कडा ऑइल प्राइमरने बंद करा. त्यापेक्षा ३ मिमी पीव्हीसी सनबोर्ड बरा. तो पाणी पीत नाही, पण म्हणूनच फेविकॉलचा पापुद्रा सुटतो; १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या. कागदी तोंडाचा फोमबोर्डही सनबोर्ड म्हणून गळ्यात मारतात, तो नको.

पाणी ५ सेमी, काठ दीड-दीड, एकूण ८. नदी सुट्या तुकड्यांत करा; पुठ्ठ्याचा एकच साचा करून सगळ्या तुकड्यांची टोकं त्यावरूनच आखा. मधली वळणं डोळ्यांच्या अंदाजाने चालतील, टोकं नाही. वळणं धरून एका नदीला सव्वादोन मीटर पट्टी लागेल.

कैतनाचे काठ उभे होते, तेव्हा ते ६-७ मिमी उंच ठेवा. इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज पिंपळगावाजवळच्या उताराने (नदी ओलांडायच्या उथळ जागेने) पलीकडे गेली, त्या तुकड्याचा काठ दोन्हीकडून घासून सपाट करा. तिथे पलटणीचा बेस (सैनिक चिकटवलेली पट्टी) आडवा मावलाच पाहिजे, नाहीतर खेळात तिथेच वाद.

मांजरपाट
लवचिक नदी हवी तर अ‍ॅक्रिलिक सीलंट. सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही. प्लास्टिक अंथरून त्यावर कॅनव्हास ताणून टाचा. सीलंटमध्ये थोडा तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग आणि चाळलेली वाळू मिसळून पुट्टीच्या पात्याने २ मिमी थर द्या. जाड दिला की भेगा पडतात. २४ तास टाचण्या काढू नका, कापायचंही नंतरच. आधी कापलं तर कडा गुंडाळतात. पण एवढे उभे काठ यात जमणार नाहीत. कैतना बोर्डावर, जुई कापडावर करा.

काठकरी
रेझिन नकोच. पावसाळा सरत आलेला, पाणी गढूळ. तळ दिसायचाच नाही तर खोली कशाला? कडेला पिवळट, मध्ये गडद तपकिरी रंग, वर ग्लॉस व्हार्निशचे तीन पातळ हात. पाणी म्हणून फेविकॉलचा थर देऊ नका, तो दमट हवेत चिकट होतो आणि रचून ठेवलेले तुकडे एकमेकांना धरतात.

रेझिन ओतायचंच असेल तर आधी वाळू व्हार्निशने बंद करा, नाहीतर तिच्यातली हवा बुडबुडे होऊन वर येते. एका वेळी २ मिमीच ओता, प्रमाण डब्यावर लिहिलंय तसंच. टोकांना टेप लावावी लागते, आणि तिथेच रेझिन टेपवर चढून कंगोरा धरतं. मग प्रत्येक जोडावर उजेडाची रेघ दिसते.

तोफखाना१५
पटलं. डाव्या-उजव्या वळणांचे तुकडे वेगळे कापू?

मांजरपाट
गरज नाही. टोकं सारखी असली की तोच तुकडा उलट दिशेने फिरवून लावला तर डावं वळण उजवं होतं. ३० अंशांच्या वळणाचे चार कापा, भागेल.