मुलगा पहिल्यांदाच ख्रिस्ती उन्हाळी शिबिराला चाललाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझा नऊ वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच चर्चच्या उन्हाळी शिबिराला चाललाय, पाच दिवस मुक्कामी. सामानाचं टेन्शन नाही. बायबल, वही, टॉर्च झालं, मोज्यांवरसुद्धा मार्करने नाव घातलंय. बॅग त्यालाच भरायला लावली, म्हणजे निम्मं तिथेच विसरून येणार नाही (अशी आशा!).

खरा प्रश्न रात्रीचा. रोज प्रार्थना झाली की माझं बोट धरूनच झोपतो, आणि तिथे फोनला बंदी. परवा आजीकडे एक रात्र ठेवून पाहिलं, तर साडेअकराला फोन, ‘आई, ये ना.’ ‘नको वाटलं तर लगेच न्यायला येईन’ असं सांगून पाठवू, की त्याने तो आणखीच वाट बघत बसेल?

दुसरं, शिबिरासाठी बायबलमधली वचनं पाठ करायची आहेत. योहान 3:16 घडाघडा म्हणतो, पण स्तोत्र 23 मध्ये सहापैकी चौथ्या वचनावर हमखास अडतो. चौथं म्हणजे नेमकं काळोख्या दरीचं! सगळ्यांसमोर चुकलो तर, म्हणून रडकुंडीला येतो. तिथल्या ताई-दादांना आधीच कल्पना देऊन ठेवू का?

ज्यांची मुलं जाऊन आलीत त्यांनी प्लीज सांगा. दहाच दिवस उरलेत.