अनुभव धागा : जुन्या मोटारसायकलचे इंजिन वाजू लागते तेव्हा

सातारा जिल्ह्यात पंधरा-वीस वर्षे जुनी मोटारसायकल ही हौसेची वस्तू नाही. दुधाचे कॅन, वैरणीचा भारा आणि घाटरस्ता यांच्याशी तिची रोजची गाठ असते, आणि अशा गाडीचे इंजिन कधी ना कधी वाजू लागतेच. त्या वेळी ‘इंजिन खोलावे लागेल’ हे वाक्य फार लवकर कानावर पडते. म्हणून ज्यांनी असा आवाज शोधून काढला आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. आवाज कसा होता एवढ्यावर न थांबता तो केव्हा येत होता, कशाने थांबत होता आणि शेवटी काय निघाले, तेही सांगावे.

कोरेगाव (गॅरेज चालवतो)

गाडी घेऊन येणारा बहुतेक वेळा तोंडाने आवाज काढून दाखवतो. एकाचे ‘टकटक’ ते दुसऱ्याचे ‘खटखट’ असते, त्यामुळे त्या नकलेवर मी विसंबत नाही. आवाज सकाळी थंड इंजिनावर जास्त असतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत येतो की ओझे घेऊन चढताना, हे आधी विचारतो. मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून क्लच दाबायला लावतो. क्लच दाबताच गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टकडे जाणारी ताकद तुटते. त्याच क्षणी आवाज गेला, तर हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उघडण्याचे कारणच उरत नाही; दोष क्लचच्या बास्केटमध्ये किंवा त्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये शोधायचा. त्यानंतर लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाजवळच्या हाडाला टेकवून त्याचे टोक हेड, ब्लॉक (पिस्टन ज्यात चालतो तो भाग), मॅग्नेटचे (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाचे) कव्हर असे आळीपाळीने लावत जातो.

हेडवर हलकी, एकसारखी टिकटिक ऐकू आली तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचे स्क्रू, पाहावेत. इंजिन पूर्ण थंड हवे, शक्यतो रात्रभर उभे असलेले. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण कव्हरवरच्या खुणेसमोर आणायची आणि दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात का ते पाहायचे. हलत नसतील तर पिस्टन चुकीच्या स्ट्रोकवर आहे. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो शाफ्ट) आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा लागतो. मग फीलर गेजची (फट मोजण्याच्या, ठरावीक जाडीच्या पट्ट्यांच्या संचातली) पट्टी स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या देठाच्या मधे सरकवायची. ती अडकत अडकत सरकली पाहिजे, मोकळी पळता कामा नये. पट्टी किती जाडीची, हे त्या गाडीच्या पुस्तिकेतच पाहावे. नट आवळताना स्क्रूही सोबत फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पट्टी पुन्हा घालून पाहिल्याशिवाय झाकण लावू नये.

गिऱ्हाईक म्हणते, ‘आवाज अजिबात नको.’ तेवढ्यासाठी टॅपेट घट्ट करणारेही आहेत, पण हे काम घातक आहे. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, फट उरत नाही, तो सीटवर पूर्ण बसत नाही आणि त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरू शकत नाही. आधी कॉम्प्रेशन जाते, मग एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. बारीक टिकटिक करणारी गाडी मला मुक्या गाडीपेक्षा बरी वाटते.

मेढा

कोरेगावच्या दादांनी लिहिलेली टॅपेटची टिकटिक हुबेहूब आमच्या गाडीत येत होती, पण टॅपेट नीट बसवूनही ती गेली नाही. मी शाळेत जाण्यासाठी यजमानांची जुनी स्प्लेंडर वापरते. आवाज सकाळी स्पष्ट असे आणि मेढ्याच्या बाहेर पडेपर्यंत बराच मावळत असे. सायलेन्सरचा पाइप हेडला जिथे जोडलेला असतो, तिथे मुलाने टॉर्च लावून पाहिले, तेव्हा एका बाजूला काजळीचा काळा फराटा उमटलेला दिसला. आतली गॅस्केट रिंग दबून गेली होती आणि दोन नटांपैकी एक सैल होता. तिथून धूर फटीतून निसटताना प्रत्येक एक्झॉस्ट स्ट्रोकला ‘टिक्’ होत असे. पाइप तापून प्रसरण पावला की फट बुजत असे. नवी रिंग घातली, दोन्ही नट थोडे थोडे आळीपाळीने आवळले आणि काम झाले. नट एकदम एका बाजूने आवळल्यास रिंग तिरकी बसते, एवढे लक्षात ठेवावे.

वडूज

मी जुन्या बाजारातून १०० सीसीची गाडी घेतली, तेव्हा ती अगदी शांत होती. काही दिवसांनी ऑइल बदलले आणि पुस्तिकेत सांगितलेले १० डब्ल्यू ३० या ग्रेडचे भरले. त्यानंतर थ्रॉटल सोडताना डाव्या बाजूने साखळी घासल्यासारखी खळखळ सुरू झाली. विकणाऱ्याने आत जाड ऑइल भरून तो आवाज दाबला होता, हे काढलेल्या ऑइलच्या घट्टपणावरून उघड झाले. आवाज दाबला म्हणजे झीज थांबली असे होत नाही. उलट जाड ऑइल थंड इंजिनात वरच्या भागापर्यंत उशिरा पोहोचते.

दोष टायमिंग चेनचा, म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्हची यंत्रणा फिरवणाऱ्या साखळीचा, निघाला. या इंजिनात चेनला ताण देणारा एक दांडा, त्यामागे स्प्रिंग आणि चेनच्या वाटेत रबरी रोलर असतो. रबर कडक होऊन झिजले होते आणि त्याचे काळे कण ऑइलच्या जाळीत अडकलेले होते. मेकॅनिकने चेन, रोलर आणि स्प्रिंग एकदमच बदलायला सांगितले, आणि ते मला पटले, कारण मजुरी दोन्ही वेळा तेवढीच लागते. माणमधल्या धुळीत गाडी चालवणाऱ्यांनी ऑइलची जाळी पाहण्याचा आळस करू नये.

सातारा, शनिवार पेठ

माझ्याकडे ओतीव लोखंडी ब्लॉकची जुनी ३५० सीसी बुलेट आहे. तिला वरचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिच्या टॅपेटमध्ये फट ठेवायची नसते. थंड इंजिनात पुशरॉड (खालून रॉकरला ढकलणारी उभी दांडी) दोन बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे आणि वरखाली मात्र मुळीच हलता कामा नये. फीलर गेज लागत नाही, बोटाची सवय लागते. दुसरे म्हणजे क्लच दाबून पाहण्याची परीक्षा. माझ्या गाडीची डाव्या बाजूची खडखड क्लच दाबूनही तशीच राहत होती, म्हणून सर्वांचा रोख क्रँककडे गेला. पण बुलेटची प्रायमरी चेन (क्रँकवरून क्लच फिरवणारी साखळी) क्लच दाबला तरी फिरतच असते. चेनकेस उघडल्यावर ती लोंबकळलेली दिसली. ताण देताना चेन पूर्ण फिरवून तिचा सर्वांत घट्ट भाग शोधावा आणि तिथेही सुमारे पाव इंच सैलपणा ठेवावा. अधिक ताणली तर बेअरिंगवर भार येतो.

वाई

पसरणी घाट चढताना टॉप गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण दिला की काचेच्या गोट्या पत्र्यावर पडल्यासारखा आवाज येत असे, आणि गिअर उतरवला की बंद होत असे. सपाटीवर काहीच नाही. हा आवाज सुट्या भागाचा नसून आतल्या स्फोटाचाच असतो : ठिणगीची ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते. माझ्या गाडीत पिस्टनवर कार्बनचा थर होता आणि कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडाचे रबर चिरल्यामुळे बाहेरची हवा आत येऊन मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होत होते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. त्याने असा आवाज वाढत नाही, उलट इथेनॉलचा ऑक्टेन (असे आपोआप पेटणे टाळण्याचा गुण) जास्त आहे. परंतु जुना कार्बोरेटर स्वतःहून मिश्रण सुधारत नाही आणि जुने रबर त्यात लवकर खराब होते, म्हणून जोड आणि नळ्या पाहून घ्याव्यात.

फलटण

गाडी बंद केल्यावर सायलेन्सरमधून बराच वेळ टिकटिक येते, त्याचे काय?

कोरेगाव

तो तापलेला पत्रा थंड होताना आकसण्याचा आवाज आहे. त्याला औषध नाही आणि गरजही नाही.

कराड

आमचा दूधवाटपाचा व्यवसाय आहे, त्यामुळे गाडीवर ओझे कायमच. थंड असताना ठीक वाटणारे इंजिन गरम झाल्यावर खालून जड ‘ठक् ठक्’ करू लागले, आणि थ्रॉटल दिला की तो ठोका पायाच्या फूटरेस्टपर्यंत जाणवू लागला. थंडपणी येऊन गरम झाल्यावर कमी होणारा पिस्टनचा आवाज मी बरीच वर्षे चालवून घेतला होता. हा त्याच्या उलट वागत होता. ऑइल काढले तेव्हा त्यात धातूची बारीक चमकी दिसली. हेड आणि ब्लॉक उतरवून मेकॅनिकने कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) धरून सरळ वरखाली ओढला आणि तो हातात खटकला. रॉड आडवा थोडा हलला तर चालते, उभा मात्र अजिबात हलू नये. नवी पिन, बेअरिंग आणि रॉड प्रेसवर बसवून क्रँक डायल गेजखाली सरळ करून घेतली. बसवण्यापूर्वी ऑइलचे सर्व मार्ग धुऊन हवेने साफ करून घेतले, कारण जुनी चमकी आत राहिली तर नवे बेअरिंगही तीच वाट धरते. असा ठोका ऐकू आल्यावर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेण्यापेक्षा टेम्पोत घालून न्यावी. रॉड तुटला तर क्रँककेस फोडूनच बाहेर येतो, आणि मग दुरुस्तीपेक्षा दुसरे इंजिन स्वस्त पडते.