नायट्रसचा किट कुठलाही घ्या, आधी बाटलीचं प्रेशर बघा

कुठला नायट्रस किट (जास्त ताकदीसाठी इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडणारी यंत्रणा) घ्यावा या चर्चेत, स्टॉक म्हणजे बदल न केलेल्या इंजिनला 75 चा वेट शॉट (नायट्रससोबत जादा पेट्रोलही सोडून साधारण 75 हॉर्सपॉवर वाढवणं) पुरे असं कुणीतरी लिहिलंय ते पटलं, मूळ पिस्टन आणि रॉडवर त्याहून जास्त भार टाकूच नये. पण रोज वापरायच्या गाडीत खरी भानगड बाटलीच्या तापमानाची असते आणि ती कुणीच काढली नाही. मी डॅलसला असतो, जुलैत ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी दिवसभर उन्हात आणि डिकीत 10 पौंडाची बाटली. प्रेशर हवं साधारण 900 ते 950 पीएसआय, संध्याकाळी बघतो तर गेज 1200 च्या वर! 36.4 अंश सेल्सिअसच्या पुढे नायट्रस द्रवरूपात राहतच नाही, प्रेशर झपाट्याने चढतं, मग नायट्रस जास्त आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी पडलेलं) आणि पिस्टनची वाट.

म्हणून ब्रँडवरून घोळ घालण्याआधी प्रेशर गेज, फ्युएल प्रेशर सेफ्टी स्विच (पेट्रोलचं प्रेशर पडलं की नायट्रस बंद करणारा) आणि विंडो स्विच (ठरावीक आरपीएमच्या टप्प्यातच नायट्रस चालू देणारा; 3000 आरपीएमच्या खाली नायट्रस मारायचंच नाही) यांचे पैसे बाजूला काढा. मी तर आता उन्हाळ्यात बाटली घरीच ठेवतो, ट्रॅकवर जायचं असेल तेव्हाच लावतो.