पंपांच्या मॅन्युअलसाठी एडिटर

पंपांची मॅन्युअल डिटामध्ये (मजकुराचे सुटे तुकडे टॅग लावून लिहायची एक्सएमएल पद्धत) लिहायला ऑक्सिजन एक्सएमएल हा विकतचा एडिटर घ्यावा, की स्वस्तात काही मिळेल, असं तुम्ही विचारलंय. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यानं आधीच तो खर्च करू नये. ऑक्सिजन चांगलाच आहे, पण डिटा ओपन टूलकिट हे रूपांतराचं साधन मोफत असून डिटातून पीडीएफ आणि एचटीएमएल दोन्ही काढून देतं. लिहायला ईमॅक्स या मोफत टेक्स्ट एडिटरचा एनएक्सएमएल मोड पुरतो; स्कीमा (कुठला टॅग कुठं चालतो याची नियमावली) जोडला की चुकीच्या जागी पडलेला टॅग तिथल्या तिथं दाखवतो.

आपल्या बेळगावकडं खरी अडचण भाषांची. इशारा तोच, पण कन्नड, मराठी, इंग्रजीत, आणि प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत. डिटात तो प्रत्येक भाषेत एकदाच लिहायचा आणि कॉनरेफनं (एका जागी लिहिलेला मजकूर संदर्भानं दुसरीकडं आणायची डिटातली सोय) हवा तिथं घ्यायचा. मोटरजवळची सूचना एका पुस्तिकेत सुधारली अन् दुसरीत राहिली, तर माणसाच्या हाताशी खेळ होतो. म्हणून एवढं सांगतोय.

एडिटर ठरवण्याआधी कन्नड आणि देवनागरी या दोन्ही लिप्यांतलं एकेक पान पीडीएफ करून जोडाक्षरं बघा. फॉन्ट वेगळा नेमून द्यावा लागतो. एकच मॉडेल, थोडी पानं असतील तर डिटा सोडा, आस्कीडॉक ही साध्या मजकुरात खुणा करून लिहायची सोपी पद्धत घ्या.