टॅरंट्युलाच्या पेटीबद्दल मदत हवी आहे (भुसावळ)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे चिली रोझ जातीची टॅरंट्युला (मोठा केसाळ कोळी) मादी आहे, पाय पसरले की साधारण 5 इंच भरते. सध्याची काचेची पेटी 18 इंच उंच आहे, हीच मोठी काळजी. ही जमिनीवर राहणारी जात. उंचावरून पडली तर पोट फुटून दगावते. परवा रात्री ती वरच्या जाळीत नखं अडकवून लोंबकळत होती, माझा जीव नुसता टांगणीला!

आता आडवी, बुटकी पेटी करून घ्यायची आहे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 5 इंच भरून वर झाकणापर्यंत 6-7 इंच जागा ठेवली तर चालेल ना? लपायला फुटक्या माठाचा तुकडा आणि पाण्याची छोटी वाटी ठेवणार आहे.

खरी अडचण मे महिन्याची. आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. कूलरसमोर ठेवावी तर दमटपणा वाढतो, आणि हिला कोरडं लागतं. मागची धाब्याची खोली बरीच गार असते, तिथे ठेवू का? हवेसाठी भोकं दोन्ही बाजूंना पाडू की फक्त वर?

खानदेशात कुणी पाळली असेल तर कृपया अनुभव सांगा. कपाशीतले नाकतोडे मी फवारणीच्या भीतीने तिला खायला देत नाही.